तेलाची वाट

फोर-स्ट्रोक मॉडेल इंजिनाच्या मागच्या अंगाला, क्रँककेसच्या तळाशी, ब्रीदरचं एक लहानसं निपल असतं. करंगळीच्या नखापेक्षाही लहान. इंजिन हाताळणाऱ्याचं लक्ष आधी कार्ब्युरेटरकडे जातं, बोटं नीडलकडे वळतात, आणि प्रॉपेलरचा धाक तर सगळ्यांनाच असतो. हे निपल मात्र नजरेआड राहतं. एखाद्या संध्याकाळी विमान उलटं करून पुसायला घेतलं आणि पोटावर काळपट तेलाचा ओघळ दिसला, की मग त्याची आठवण होते. आणि आठवण होते ती तक्रार म्हणूनच: हे गळणं थांबवायचं कसं?

मला त्या ओघळाविषयी लिहायचं आहे. विमानं बांधायला लागले तेव्हापासून आकाशातल्या कसरतींइतकंच हे निपल मला बोलावत आलं आहे. इंजिनाच्या पोटात दिवसभर काय चाललं होतं, हे मला तिथेच कळतं.

टू-स्ट्रोकचा मामला सरळ असतो. इंधन, हवा आणि तेल यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथल्या बेअरिंगना आणि कनेक्टिंग रॉडला भिजवतं, आणि मग पिस्टनच्या वर जाऊन जळतं. जाता जाता तेल सगळ्यांना भेटून जातं. फोर-स्ट्रोकमध्ये ही भेट होत नाही. मिश्रण इनटेक व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरच्या माथ्यावर उतरतं, तिथेच जळतं आणि एक्झॉस्टच्या वाटेनं निघून जातं. मोटारीच्या इंजिनात यासाठी खाली तेलाचा साठा असतो, पंप असतो, फिल्टर असतो. पण घटकेत सरळ, घटकेत उलटं उडणाऱ्या दहा सीसीच्या इंजिनात हा सगळा संसार मांडायला जागा नाही, आणि मांडला तरी पहिल्याच लूपमध्ये साठ्यातलं तेल भलतीकडे जाईल. मग खाली फिरणाऱ्या बेअरिंगना, कॅमशाफ्टला, रॉडच्या टोकाला तेल मिळतं कुठून?

मिळतं ते रिंगच्या फटीतून. पिस्टनवरची रिंग कितीही चांगली बसली तरी तिला एक फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर ती फुगून अडकेल. वर ज्वलन झालं की दाबाखालचा वायू त्या फटीतून आणि कडेनं थोडासा खाली निसटतो. मेकॅनिक मंडळी याला ब्लो-बाय म्हणतात. मॉडेल इंजिनाचं तेल इंधनातच मिसळलेलं असतं, शेकडा पंधरा ते वीस भाग. निसटणारा वायू त्यातलं थोडं तेल धुक्यासारखं बरोबर घेऊन खाली उतरतो, आणि त्या धुक्यावरच खालचा सगळा कारभार चालतो. शक्तीचा हिशेब मांडणारा माणूस या निसटण्याला तोटा म्हणेल. इंजिन मात्र त्याच तोट्यावर जगतं. ही गोष्ट पहिल्यांदा नीट समजली तेव्हा मला झालेला आनंद अजून ताजा आहे.

खाली उतरलेलं तेल पुढे कुठेतरी जायलाच हवं. सोबत आलेल्या वायूलाही बाहेर पडायला हवं. शिवाय इंजिन एका सिलिंडरचं असलं की पिस्टन प्रत्येक फेऱ्यात खालची जागा दाबतो आणि मोकळी करतो. दहा सीसीचं इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे १६६ वेळा क्रँककेसमधली जागा दहा घनसेंटिमीटरनं कमी होते आणि पुन्हा वाढते. म्हणजे सेकंदाला दीड लिटरहून जास्त हवा त्या इवल्याशा निपलातून आत-बाहेर करू पाहते. चालत्या इंजिनाच्या ब्रीदर नळीच्या टोकाशी ओलं बोट धरलं, तर वेगवेगळे ठोके जाणवत नाहीत. सगळे मिळून एक बारीक थरथर होते. ती थरथर लागली, की आतला मार्ग मोकळा आहे याची खात्री पटते.

आमच्या माळावर एकदा कॉलेजातला एक मुलगा नवंकोरं इंजिन घेऊन आला होता. दोन-तीन उड्डाणं झाल्यावर विमान माझ्यापुढे धरून काळजीनं म्हणाला, "ताई, हे मागून गळतंय. या भोकात स्क्रू बसवू का?"

"नको रे," मी म्हटलं. "ते भोक बुजवलंस, तर तेल पुढून यायला लागेल."

त्याला पटेना. मग आम्ही दोघं इंजिनापुढे बसलो. पुढच्या बेअरिंगच्या आणि शाफ्टच्या मधली बारीक फट त्याला दाखवली. मागची वाट बंद झाली की आत दाब साठतो, आणि साठलेला दाब तेलाला त्या फटीतून प्रॉपेलरच्या बुंध्याकडे ढकलतो. तिथून ते वाऱ्यानं उडून सगळ्या विमानावर बसतं. शिवाय प्रत्येक फेऱ्यात कोंडलेली हवा दाबण्यात पिस्टनची ताकद वाया जाते ती वेगळीच. नळी कुठे मुडपली असेल, काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कडेत चिमटली असेल, तरी हेच होतं. मुलगा बराच वेळ शाफ्ट हातानं फिरवत राहिला, निपलाच्या तोंडाशी थेंब आत-बाहेर होताना पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "मग हे तेल न्यायचं कुठे?" हाच खरा प्रश्न. थांबवण्याचा विचार सुटला, की सोय करण्याचा विचार सुरू होतो.

सोय म्हटलं की मला आपली जुनी शिवालयं आठवतात. अभिषेकाचं पाणी पिंडीवरून ओघळतं, शाळुंकेच्या पन्हळीतून वाहतं आणि गाभाऱ्याच्या भिंतीबाहेर गोमुखातून पडतं. देऊळ बांधणाऱ्यानं दगडाचा थर चढवतानाच त्या पाण्याची वाट कोरून ठेवलेली असते. प्रदक्षिणा घालणारेही ती वाट ओलांडत नाहीत, तिथून मागे फिरतात. देवाला स्पर्श करून आलेलं पाणी कुठेही कसंही सांडू द्यायचं नाही, आणि अडवायचंही नाही, हा विचार त्या दगडात आहे. ब्रीदरमधून येणाऱ्या थेंबानं रॉडच्या टोकापासून कॅमच्या दात्यांपर्यंत सगळ्यांना स्पर्श केलेला असतो. त्याच्या वाटेचा विचारही विमानाच्या पहिल्या रेखाटनापासूनच व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या वाटेचे नियम फार अवघड नाहीत. निपलावर सिलिकॉनची नळी घट्ट बसवायची आणि ती सहज वळणानं, कुठेही मुडपू न देता, काउलबाहेर विमानाच्या पोटाखाली आणायची. टोक तिरकं कापायचं आणि तो तिरका काप मागच्या बाजूला वळवायचा, म्हणजे धावत्या हवेनं टोकाशी थोडी ओढ निर्माण होते. तेच टोक पुढे तोंड करून राहिलं तर वारा उलटा नळीत शिरतो. नळी सायलेन्सरला टेकू द्यायची नाही. चाकाची दांडी, शेपटीचे सर्व्हो, बॅटरीचं झाकण यांच्यावर थेंब उडणार नाही, एवढी ती लांब ठेवायची. मला स्वतःला नळीच्या टोकाशी छोटी बाटली बांधायला आवडते. औषधाची रिकामी प्लास्टिकची बाटली पुरते, फक्त तिच्या झाकणाला नळीखेरीज हवेसाठी एक वेगळं भोक हवं. ते नसेल तर बाटली म्हणजे पुन्हा बूचच.

इंजिन उलटं बसवलेलं असेल, तर आणखी जपावं लागतं. स्केल मॉडेलं बांधणारे बरेच जण नाकाचा आकार जमावा म्हणून सिलिंडर खाली करून बसवतात. मग तळाचं निपल वर जातं आणि उरलेलं तेल आणि इंधन सिलिंडरच्या माथ्याकडे उतरून साचतं. द्रव दाबला जात नाही. अशा वेळी स्टार्टर लावला, तर रॉड वाकू शकतो. म्हणून आधी प्रॉपेलर हातानं, हळू, पूर्ण फिरवून बघायचा आणि कुठे अडतंय असं वाटलं तर ग्लो प्लग काढून साचलेलं बाहेर येऊ द्यायचं. ही खबरदारी मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पहिल्याच दिवशी सांगते.

वाट नीट नसली की तेल स्वतः वाट शोधतं आणि बाल्सा गाठतं. बाल्साचं लाकूड हलकं असतं ते त्याच्या पोकळ पेशींमुळे, आणि त्याच पेशी तेल पितात. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या फळीच्या, एका स्क्रूच्या भोकातून तेल एकदा आत शिरलं, की कव्हरिंग सुटतं, सांधे सैल होतात आणि लाकूड जड, मऊ पडतं. अशा लाकडावर पुन्हा गोंद धरत नाही. आधी अल्कोहोलनं पुसायचं, मग टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉअर दाबून बसवायचं, तेल शोषलं की झटकायचं, पुन्हा नवी पावडर. धीरानं केलं तर बरंचसं तेल निघतं. त्याहून शहाणपण असं, की इंजिनाची खोली पहिल्यापासूनच इपॉक्सीचा पातळ हात देऊन बंद करावी, आणि प्रत्येक भोकाची आतली कडाही त्यात भिजवावी. विमानाच्या बाहेरच्या रंगावर माणूस महिनाभर रमतो. आतला हा न दिसणारा हात तेवढ्याच प्रेमानं फिरवावा.

या तेलात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते, आणि ती सगळ्यात कमी बोलली जाते. पाणी. आमची इंजिनं मिथेनॉलवर चालतात. ग्लो प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्कात तापलेली राहते, म्हणून एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी काढून घेता येते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांच्या नाकातून कॉइल, कंडेन्सर, बॅटरी अशी सगळी ओझी उतरली. पण मिथेनॉल जळताना पाणी तयार होतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. ६४ ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळलं तर ७२ ग्रॅम पाणी होतं, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळतो. जळलेल्या इंधनापेक्षा जास्त वजनाचं पाणी! बहुतेक सगळं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण ब्लो-बायसोबत त्यातलं काही खाली क्रँककेसमध्ये येतं आणि इंजिन थंड होताना तिथेच निथळतं. अर्धवट जळालेल्या मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनतं, तेही या ओलाव्यात उतरतं. पोलादी बेअरिंगला याहून वाईट शेजार मिळणार नाही. ब्रीदर मोकळा असला, की चालत्या इंजिनातून हे मिश्रण सतत बाहेर फेकलं जातं. इंजिन थांबल्यावर मागे राहतं त्याची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते.

मॉडेल विमानांसाठी कारखान्यातून मोठ्या संख्येनं बनलेलं पहिलं ग्लो फोर-स्ट्रोक म्हणजे ओएस कंपनीचं एफएस-६०. साल १९७६. शिगेओ ओगावा यांनी १९३६ साली जपानात सुरू केलेल्या या कारखान्याच्या नावातली दोन अक्षरं त्यांच्याच नावाची. त्या पहिल्या इंजिनाचे रॉकर उघडे होते, डोळ्यांसमोर हलताना दिसायचे. त्याआधी माळावर टू-स्ट्रोकचा चिरका आवाज असायचा. फोर-स्ट्रोकनं त्याला खालच्या पट्टीतला, भरलेला आवाज दिला, मोठे प्रॉपेलर संथपणे फिरवण्याची ताकद दिली, आणि त्यासोबत ही ब्रीदरची नळीही दिली. आवाजावर मीही लुब्ध झाले. या इंजिनाशी खरी ओळख झाली ती मात्र नळीपाशी.

तेलाचा वास या ओळखीत मोठा आहे. आजची बरीच इंधनं कृत्रिम तेलावर बनतात, पण ज्यात थोडं एरंडेल असतं, त्याचा गोडसर, करपट धूर मी डोळे मिटूनही ओळखते. लहानपणी ज्या एरंडेलानं तोंड वाकडं व्हायचं, तेच इथे इंजिनाचं संरक्षण करतं. एरंडेल अल्कोहोलमध्ये सहज मिसळतं, म्हणून मिथेनॉलशी त्याची जोडी जमली. पेट्रोलमध्ये ते सहजासहजी विरघळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांनी ते दुसऱ्या कारणासाठी निवडलं. नोम आणि ल रोन ही रोटरी इंजिनं सबंध सिलिंडरांसकट गरगर फिरायची. इंधन आणि हवा क्रँककेसमधूनच वर जायची, तिथे खनिज तेल पेट्रोलनं पातळ झालं असतं, एरंडेल टिकून राहायचं. त्या इंजिनांत तेल परत फिरवण्याची सोयच नव्हती. एकदा वापरलं की ते एक्झॉस्टमधून बाहेर, वैमानिकाच्या चष्म्यावर, पंखांच्या कापडावर. लाकूड आणि कापडाची ती विमानं तेलात न्हाऊन उतरायची. आमची छोटी इंजिनं त्याच घराण्यातली. तेल एकदाच वापरायचं आणि जाऊ द्यायचं, हीच इथलीही रीत.

हे तेल पुन्हा इंजिनातच परत का पाठवू नये, असा विचार साहजिक येतो. काही कारखान्यांनी इनटेकच्या नळीवरच त्यासाठी वेगळं निपल दिलं आहे. ब्रीदरची नळी तिथे जोडली, की पोट स्वच्छ राहतं आणि धूर आत जाऊन जळतो. मोटारींनी हा मार्ग आधीच धरला होता. धुरक्यानं गुदमरलेल्या कॅलिफोर्नियानं १९६१ साली नव्या गाड्यांच्या क्रँककेसमधला वायू परत इनटेकमध्ये वळवण्याचा नियम केला, आणि वाहनांच्या प्रदूषणावरच्या नियंत्रणाची तिथे ती सुरुवात ठरली. हवेच्या बाजूनं तो निर्णय योग्यच होता. पण मोटारीच्या तेलाला फिल्टर असतो, ते बदलता येतं. आमच्या इंजिनात परत गेलेल्या थेंबासोबत त्यातलं पाणी, आम्ल आणि धातूची बारीक पूडही परत जाते. उत्पादकानं तशी जोडणी सांगितली असेल तर मी ती मोडत नाही. पण जिथे निवड माझी असते, तिथे बाटली. बाटलीत साठलेलं मला दिसतं, आणि माळाच्या मातीत किंवा मोरीत न ओतता ते जपून, वापरलेल्या इंजिन ऑइलसोबत देऊन टाकता येतं.

ते दिसणं मला महत्त्वाचं वाटतं. पांढऱ्या टिश्यूवर बाटलीतला एक थेंब सोडून उजेडात धरला, की इंजिन बोलू लागतं. तपकिरी, कडेला पिवळसर पसरणारा थेंब म्हणजे सगळं ठीक. नव्या इंजिनात पहिले काही तास तो करडा, चमकदार असतो. रिंग आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसत असतात, त्यातली धातूची पूड असते ती. ती पुढे कमी व्हायला हवी. जुन्या इंजिनात करडेपणा पुन्हा आला, तर आत काहीतरी झिजतं आहे. तांबूस, गंजाची झाक दिसली, तर बेअरिंगनं ओल धरली. तेल एकाएकी फार यायला लागलं, तर रिंग थकली. आणि तेल फारच कमी, सुकं सुकं येत असेल, तर मिश्रणात इंधन कमी पडतंय का हे आधी बघायचं, कारण तेल इंधनासोबतच येतं. कमी इंधनावर ओढलेलं इंजिन तापतं आणि उपाशीही राहतं. एवढं सगळं एका थेंबात. त्यासाठी यंत्र उघडावं लागत नाही.

म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की माझं खरं काम सुरू होतं. टाकी रिकामी करते. इंजिन सुरू करून इंधनाची नळी काढते आणि आतलं सगळं इंधन संपेपर्यंत त्याला चालू देते. कार्ब्युरेटरमध्ये मिथेनॉल राहता कामा नये, ते हवेतली ओल ओढून घेतं. मग विमानाचं नाक थोडं खाली करून सिरिंजनं ब्रीदरच्या निपलातून आफ्टर-रन तेलाचे काही थेंब आत सोडते, ग्लो प्लग काढून तिथूनही दोन थेंब, आणि प्रॉपेलर हातानं सावकाश फिरवत राहते. दिवसभर ज्या वाटेनं काळं तेल बाहेर आलं, त्याच वाटेनं आता स्वच्छ तेल आत जातं. पहिल्या फेऱ्यांत निपलाच्या तोंडाशी करडा फेस येतो. आतलं पाणी नव्या तेलाशी झटत असतं. काही फेऱ्यांनी फेस विरतो, थेंब स्वच्छ होतो, आणि शाफ्ट बोटांखाली मऊ फिरायला लागतो. तोपर्यंत बहुतेकांच्या गाड्या निघालेल्या असतात, कोणी हाक मारतं, "चला, ताई, अंधार पडला." मी हात हलवते आणि फिरवत राहते.

जुनी इंजिनं विकत घेताना मी याच जागी बोट ठेवते. बाहेरून चकचकीत पुसलेलं इंजिन हातात घ्यायचं, नीडल, व्हॉल्व्ह, सिलिंडरचे पंख यांचं कौतुक नंतर करायचं, आधी शाफ्ट हळूच फिरवायचा. खरखर लागली, तर आधीच्या माणसानं संध्याकाळी घाई केली होती. ताठ, चिकट लागला, तर एरंडेल सुकलं आहे. थोडी ऊब आणि नवं तेल दिलं की बहुतेक वेळा ते सुटतं आणि इंजिन पुन्हा जागं होतं. आणि क्वचित असंही एखादं इंजिन हाती येतं, ज्याचं वय माझ्या मुलीपेक्षा जास्त, तरी शाफ्ट आवाज न करता फिरतो आणि निपलातून मधासारख्या रंगाचा थेंब येतो. ते वापरणाऱ्याला मी कधी भेटलेली नसते. पण तो माणूस कसा होता हे मला कळतं. त्यानं दरवेळी शेवटची पाच मिनिटं त्या निपलाला दिली होती, आणि त्या पाच मिनिटांचं फळ आज माझ्या हातात आहे.

माझ्या कपाटातली इंजिनंही अशीच कुणाच्या तरी हातात जातील. तो माणूस शाफ्ट फिरवून बघेल, निपलाला टिश्यू लावेल. त्याला खरखर लागू नये, गंज दिसू नये, एवढी जबाबदारी मी मानते. या इंजिनाला निसटणाऱ्या तेलावर जगायचं आहे आणि ते तेल सोडतच राहायचं आहे. त्याला मोकळी वाट देणं, ते काय सांगतं ते ऐकणं, आणि जे गेलं त्याच्या जागी स्वच्छ भरून ठेवणं, एवढंच काम माणसाच्या वाट्याला आलं आहे. ते मी आनंदानं करते.